‘कोलराबी’ आणि ‘नवलकोल’ : एका भाजीच्या नामभेदांचा ऐतिहासिक विचार

प्रास्ताविक

शब्दाच्या लेखनभेदांकडे सामान्यतः अशुद्धी म्हणून पाहिले जाते. कोशकार त्यांपैकी एक रूप प्रमाण ठरवतो व उरलेल्यांवर ‘अपभ्रंश’ असा शिक्का बसतो. वनस्पतींच्या नावांबाबत मात्र ही दृष्टी इतिहासाला मारक ठरते. पीक एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात जाते तेव्हा त्याच्या प्रवासाची लेखी नोंद क्वचितच होते, परंतु त्याचे नाव ज्या ज्या मुखांतून गेले त्यांच्या खुणा त्याच्या रूपात शिल्लक राहतात. ज्या भाजीला मराठीत नवलकोल, कोठे कोठे अलकोल, व अलीकडे कोलराबी असे म्हटले जाते, तिच्या नामभेदांचा या दृष्टीने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

इटालियन मूळ आणि त्याचा अर्थ

‘कोलराबी’ हे जर्मन रूप असून त्याचे मूळ इटालियन ‘कावोलो रापा’ या जोडनामाच्या ‘कावोली रापे’ या अनेकवचनात आहे. ‘कावोलो’ म्हणजे कोबी आणि ‘रापा’ म्हणजे शलगम. कोबीच्या जातीची, पण शलगमासारखी गोल गाठ धरणारी भाजी, असा हा सरळ वर्णनात्मक अर्थ होय. ‘कावोलो’ हा शब्द लॅटिन ‘कौलिस’ म्हणजे देठ किंवा खोड यापासून आला. नवलकोलाचा खाद्य भाग मूळ नसून जमिनीच्या वर फुगलेले खोड असते. त्यामुळे हे नाव वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनेही अन्वर्थक ठरते. लिनिअसने इ. स. १७५३ मध्ये या भाजीला ‘ब्रासिका ओलेरासिआ’ या जातीचा ‘गोंगिलोडेस’ हा भेद मानले. त्या ग्रीक पदाचा रोखही गोलाईवरच आहे. पुढे रूढ झालेले ‘कौलोरापा’ हे पर्यायी शास्त्रीय नाव म्हणजे इटालियन जोडनामाचाच लॅटिन पेहराव होय.

ध्वनीचा मार्ग आणि अर्थाचा मार्ग

हे नाव युरोपात दोन मार्गांनी पसरले. पहिल्या मार्गात ध्वनी टिकला. जर्मन भाषकांनी पूर्वपदाच्या जागी कोबीवाचक स्वकीय ‘कोल’ बसवले, पण उत्तरपद ऐकले तसे ‘राबी’ ठेवले. पोलिश ‘कालारेपा’ आणि हंगेरियन ‘कारालाबे’ ही रूपे याच कुळातील असून दुसऱ्यात ‘ल’ व ‘र’ यांचा वर्णविपर्यय दिसतो. रशियन व इंग्रजीने जर्मन रूपच उचलले.

दुसऱ्या मार्गात ध्वनी गळून पडला व अर्थाचा अनुवाद झाला. फ्रेंच ‘शू-राव्ह’ म्हणजे कोबी-शलगमच. फ्रेंच सत्तेच्या काळात व्हिएतनामी भाषेत हेच नाव ‘सू हाओ’ झाले, आणि अर्थाच्या मार्गाने आलेला शब्द पुन्हा ध्वनीच्या मार्गाला लागला. डच ‘क्नोलकोल’ मध्ये पदांचा क्रम उलटा आहे : ‘क्नोल’ म्हणजे गड्डा किंवा शलगम, ‘कोल’ म्हणजे कोबी.

पदांचा हा क्रम गौण मानता येत नाही. स्विस जर्मनमध्ये ‘रुबकोल’ म्हणजे नवलकोल. पण जर्मनमध्ये तीच पदे उलटून होणारे ‘कोलरुबे’ हे रुटाबागा या वेगळ्याच कंदाचे नाव आहे. रुटाबागा ‘ब्रासिका नापुस’ या भिन्न जातीत मोडतो व त्याचा खाद्य भाग जमिनीत वाढतो. काही प्रदेशांत तर दोहोंनाही ‘कोलराबी’ म्हणत, व भेद दाखविण्यासाठी ‘वरचा’ आणि ‘खालचा’ अशी उपपदे जोडीत. या गोंधळाचे परिणाम इतिहासलेखनापर्यंत पोहोचतात. इ. स. १९१६ मध्ये जर्मनीत बटाट्याचे पीक बुडाले व १९१६-१७ चा हिवाळा तेथील जनतेने मुख्यतः रुटाबाग्यावर काढला. जर्मन इतिहासात तो ‘कोलरुबे’ च्या नावाने ओळखला जातो. या ठिकाणी मराठी अनुवादकाने ‘नवलकोल’ असा शब्द योजला, तर दुष्काळी अन्नाचे चित्रच चुकीचे उभे राहील. जनावरांच्या चाऱ्यासाठी मुख्यतः लावला जाणारा कंद माणसांना खावा लागला, हे त्या हिवाळ्याचे मर्म वाचकापर्यंत पोहोचणार नाही.

भारतातील रूपे

भारतात रुजलेले नाव इटालियन-जर्मन कुळातील नसून डच कुळातील आहे. यूल व बर्नेल यांच्या इ. स. १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात ‘नोल-कोल’ अशी नोंद असून तिचे मूळ डच असावे असे तेथे म्हटले आहे. मुंबई इलाख्यातील वनस्पतिज उत्पन्नांवर लिहिणाऱ्या बर्डवुड यांचे ‘नोलखोल’ हे लेखनही त्यात नोंदविले आहे. भारतीय कृषिविषयक इंग्रजीत हेच लेखन आजही चालते.

डचांची वखार वेंगुर्ल्यास इ. स. १६३७ मध्ये उभी राहिली, कोचीन १६६३ ते १७९५ पर्यंत त्यांच्याकडे होते व लंकेच्या किनाऱ्यावर १६५८ ते १७९६ पर्यंत त्यांचा अंमल होता. परंतु यावरून नवलकोल वेंगुर्ल्याच्या वखारीतून महाराष्ट्रात आला, असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. नावाचा मार्ग आणि बियाण्याचा मार्ग एकच असतो असे नाही. डच भाषेत आरंभीचा ‘क’ उच्चारला जातो, इंग्रजीत तो मूक असतो. मराठी रूपातील ‘क’ चा अभाव इंग्रजी मध्यस्थीशी सुसंगत आहे. तथापि ‘क्न’ हे आद्य जोडाक्षर भारतीय भाषांना मुळातच अवघड असल्याने, आणि डच अंमलाखालील सिंहलीतही ‘नोकोल’ असेच रूप असल्याने, हा पुरावा निर्णायक मानता येत नाही.

यापुढील टप्पा लोकव्युत्पत्तीचा आहे. ‘नोल’ या निरर्थक ध्वनीला प्रत्येक भाषेने आपापला अर्थ दिला. तमिळमध्ये तो ‘नूल्’ म्हणजे सूत झाला, कन्नडमध्ये ‘नविलु’ म्हणजे मोर, आणि मराठीत ‘नवल’. मराठीत ‘लवण’ चे ‘लोण’ होते. येथे तीच प्रक्रिया उलट दिशेने घडून ‘नोल’ चे ‘नवल’ झाले. याउलट हिंदीतील ‘गाँठगोभी’ व बंगालीतील ‘ओलकपि’ या नावांनी वर्णनाचा मार्ग धरला. ओल म्हणजे सुरण.

किनाऱ्यावर दीर्घकाळ वावरलेल्या पोर्तुगीजांच्या ‘कोव्ह’ या शब्दापासून मराठीला ‘कोबी’ मिळाला. हा ‘कोव्ह’, इटालियन ‘कावोलो’, जर्मन व डच ‘कोल’ हे सर्व एकाच लॅटिन ‘कौलिस’ चे वंशज आहेत. म्हणजे ‘कोबी’ आणि ‘नवलकोल’ मधील ‘कोल’ हे दोन निरनिराळ्या दारांनी मराठीच्या घरात आलेले सगोत्र शब्द होत.

समारोप

नवलकोलाच्या लागवडीची माहिती देणाऱ्या पुस्तकांत ‘व्हाइट व्हिएन्ना’ व ‘पर्पल व्हिएन्ना’ हे वाण डच वंशाच्या नावाखाली नोंदविलेले असतात. एकाच पानावर दोन इतिहास शेजारी नांदतात. ‘नवलकोल’ हे ‘कोलराबी’ चे भ्रष्ट रूप नव्हे. त्याची वंशावळ स्वतंत्र आहे. म्हणून परिभाषाकोशांनी ‘नवलकोल’ हीच मुख्य नोंद ठेवून ‘अलकोल’, ‘नोलखोल’ व ‘कोलराबी’ ही रूपे शास्त्रीय नावासह तिच्याखाली द्यावीत, आणि रुटाबाग्याची नोंद स्पष्टपणे वेगळी करावी. प्रमाणीकरण व्यवहारासाठी आवश्यक आहे. परंतु त्या ओघात पर्यायी रूपे पुसली गेली, तर ज्या प्रवासाची दुसरी नोंद उपलब्ध नाही त्याचा पुरावाही नष्ट होतो.