तळोजा कारागृह, यूएपीए आणि जामिनाचा हक्क

नवी मुंबईचे तळोजा मध्यवर्ती कारागृह चळवळीतल्या तरुणांना माहीत झाले ते एल्गार परिषद–भीमा कोरेगाव प्रकरणामुळे. या प्रकरणात लेखक, वकील, प्राध्यापक, शाहीर अशा १६ जणांना यूएपीए कायद्याखाली अटक झाली. त्यातले बहुतेक पुरुष आरोपी तळोज्यात होते. त्यांना जामीन मिळाला तो कोणत्या मुद्द्यावर, हे आपल्या कार्यकर्त्यांना ठाऊक असायला हवे असे आम्हाला वाटते. सरकारवर नुसता राग असून कोर्टात काही चालत नाही.

डॉ. आनंद तेलतुंबडे यांचेच उदाहरण घ्या. १४ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना चार आठवड्यांचे संरक्षण दिले होते. तरी २ फेब्रुवारीच्या पहाटे पुणे पोलिसांनी त्यांना मुंबई विमानतळावर अटक केली. पुण्याच्या सत्र न्यायालयाने त्याच दिवशी ही अटक बेकायदा ठरवून त्यांना सोडले. संरक्षणाची मुदत ११ फेब्रुवारीपर्यंत आहे, एवढा साधा मुद्दा पुरेसा ठरला. पुढे अटकपूर्व जामीन नाकारला गेला आणि १४ एप्रिल २०२०ला, ऐन भीमजयंतीला, ते एनआयएसमोर हजर झाले.

यूएपीएच्या कलम ४३-डी (५) प्रमाणे आरोप प्रथमदर्शनी खरे वाटले तर जामीन देता येत नाही. त्या टप्प्यावर न्यायाधीशांसमोर मुख्यतः तपास यंत्रणेचेच कागद असतात. तेच कागद वाचून मुंबई उच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२२ रोजी म्हटले, की दहशतवादी कृत्याची कलमे तेलतुंबडे यांना प्रथमदर्शनी लागत नाहीत. उरतात ती ३८ व ३९. त्यांची कमाल शिक्षा १० वर्षे, आणि दोन वर्षांहून जास्त काळ ते आतच आहेत. एनआयएचे अपील सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले. तेलतुंबडे २६ नोव्हेंबरला, संविधान दिनी, तळोज्यातून बाहेर आले. ३१ महिने गेले ते गेलेच.

सुधा भारद्वाज यांचा मुद्दा वेगळा होता. आरोपपत्र दाखल करण्याची मुदत वाढवून देणाऱ्या न्यायालयाला तो अधिकारच नव्हता, म्हणून १ डिसेंबर २०२१ला त्यांना जामीन मिळाला. त्याच निकालात इतर आठ जणांना तो नाकारला. त्यांनी वेळेत अर्ज केला नव्हता, असे न्यायालयाचे म्हणणे. अर्जाच्या तारखेला किती किंमत असते ते इथे दिसते.

तिसरा मुद्दा दिरंगाईचा. खटला लवकर संपण्याची चिन्हे नसतील तर यूएपीए असूनही कलम २१च्या आधारे जामीन देता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या के. ए. नजीब प्रकरणात १ फेब्रुवारी २०२१ रोजी सांगितले. 'विद्रोही'चे संपादक सुधीर ढवळे यांना हा आधार मिळायला ८ जानेवारी २०२५ उजाडले. ६ जून २०१८पासून ते कैदेत होते, आरोपनिश्चितीही झालेली नव्हती. याआधी २०११ साली अटक होऊन ४० महिन्यांनी ते निर्दोष सुटले होते, हेही विसरू नये.

फादर स्टॅन स्वामी यांना यातले काहीच मिळाले नाही. कंपवातामुळे हातात पेला धरता येत नव्हता, म्हणून त्यांनी स्ट्रॉ आणि सिपर मागितला. त्या अर्जावर उत्तर द्यायला एनआयएला २० दिवस मिळाले. जामिनाचे अपील उच्च न्यायालयात पडून असतानाच ५ जुलै २०२१ रोजी, वयाच्या ८४व्या वर्षी, ते गेले. गौतम नवलखांचा चष्मा तळोज्यात चोरीला गेला आणि घरच्यांनी पाठवलेला नवा चष्मा परत केला गेला, तेव्हा उच्च न्यायालयाला तुरुंग प्रशासनाला माणुसकीची आठवण करून द्यावी लागली.

अटक झाली तर काय पाहायचे? कलम २२ प्रमाणे २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर नेणे आणि आपल्या पसंतीचा वकील मिळणे हा हक्क आहे. यूएपीएखालीही अटकेची कारणे लेखी द्यावी लागतात; तसे न केल्याने १५ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार प्रबीर पुरकायस्थ यांची अटक रद्द केली. तो कागद मागून घ्या, तारीख-वेळ लिहून ठेवा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला, स्त्रियांना आणि कोठडीतल्या कोणालाही उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. १९९०च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, त्यामुळे जातीचा दाखला घरच्यांच्या हाताशी असू द्या.