मनगटावरील घड्याळ आणि माघारीची वाट

घड्याळातील दोषाची दुरुस्ती कोणी करावी, केव्हा करावी, आणि ती अपायकारक ठरल्यास पूर्वस्थितीवर येण्याची मुखत्यारी कोणाकडे असावी, हा प्रश्न स्मार्टवॉचच्या मालकापुढे आज वर्षातून अनेकदा उभा राहतो. मनगटावर नव्या फर्मवेअरची, म्हणजे घड्याळ चालवणाऱ्या अंतर्गत कार्यप्रणालीची, सूचना उमटते, तिच्याबरोबर सुधारणांची यादी येते, आणि ती स्वीकारावी की ठीक चालले आहे तोवर हात लावू नये, याचा निर्णय त्याला बहुधा रात्री निजण्यापूर्वी, घड्याळ चार्जरवर ठेवता ठेवता करावा लागतो. प्रश्न यंत्राचा दिसतो, आणि काही अंशी आहेही. परंतु घड्याळाचा इतिहास पाहू गेल्यास त्याचा खरा गाभा अधिकाराचा आहे असे दिसून येते, आणि तो अधिकार गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच आहे.

चावीच्या घड्याळाच्या काळी हा अधिकार घड्याळजीकडे असे. घड्याळाचे मागचे झाकण उघडले की केसासारख्या बारीक स्प्रिंगच्या आधाराने डोलणारे चक्र दिसे आणि त्याच्यावर एक इवलीशी दांडी असे, जिच्या टोकाशी धातूवर ‘एफ’ आणि ‘एस’, म्हणजे जलद आणि मंद, ही दोन अक्षरे कोरलेली असत. घड्याळ मागे पडते अशी तक्रार आली की घड्याळजी डोळ्याला भिंग लावून ती दांडी ‘एफ’च्या दिशेने कणभर सरकवी, झाकण बसवी आणि चार दिवस वापरून पुन्हा आणायला सांगे, गिऱ्हाईक घरी जाऊन आकाशवाणीच्या ठोक्यांशी काटे ताडून पाही, आणि घड्याळ आता पुढे जाऊ लागले असेल तर तीच दांडी त्याच मार्गाने निम्मी मागे येई. या साध्या व्यवहारात सुधारणा आणि माघार ही एकाच हाताची कामे होती. घड्याळ स्वित्झर्लंडचे असो वा बंगळुरास 1961 मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने सुरू झालेल्या एचएमटीच्या कारखान्यातले असो, ते एकदा विकले गेल्यावर त्याच्या अंतरंगावर कारखानदाराचा अंमल उरत नसे.

व्यक्तीच्या घड्याळाची ही गोष्ट झाली. संबंध शहराच्या घड्याळावर नवा नियम लादला गेला तेव्हा काय घडले, याचे उदाहरण आपल्या मुंबईइतके बोलके दुसरीकडे क्वचितच सापडेल. मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या 4 तास 51 मिनिटे पुढे होती आणि रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालत असे, जी मुंबईच्या सुमारे अर्धा तास पुढे होती. पुण्याच्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे ते सर जेम्स फर्ग्युसन गव्हर्नर असताना, 1881 मध्ये, सरकारी कचेऱ्यांनी मद्रासची वेळ पाळावी असा हुकूम सुटला. शहराने त्याला असा कसून विरोध केला की 1883 मध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला. पुढे 1 जानेवारी 1906 पासून ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असलेली भारतीय प्रमाणवेळ अमलात आली तेव्हा तर मुंबईकरांच्या दिवसातून 39 मिनिटे काढून घेतल्याची भावना पसरली. गिरणी कामगाराला हा फरक पुस्तकी नव्हता. घड्याळ पुढे केल्यामुळे त्याला सूर्याच्या हिशेबाने तितके आधी, अंधारात, फाटकाशी हजर व्हावे लागणार होते, आणि जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात एका गिरणीपुढे संप आणि दगडफेक होण्यापर्यंत गोष्ट गेली. महानगरपालिकेने आरंभी नवी वेळ स्वीकारली खरी, परंतु त्याच वर्षी ठराव करून आपली घड्याळे पुन्हा मुंबईच्या वेळेवर आणली, आणि मग स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे होईतो या शहरात दोन वेळा सुखेनैव नांदल्या.

प्रमाणवेळेची आवश्यकता मी नाकारीत नाही; तारायंत्र आणि आगगाडी यांच्या युगात प्रत्येक शहराने आपला स्वतंत्र मध्यान्ह राखणे शक्य नव्हते, आणि शेवटी मुंबईनेही ते मान्य केले. तथापि नवा नियम करून पाहावा, तो जाचक वाटल्यास सभा भरवून, दरखास्त करून, मतदान घेऊन पूर्वस्थितीवर यावे, आणि मन वळेल तेव्हा आपल्या पायांनी पुढे जावे, ही जी मुभा त्या पिढीने भांडून मिळवली, तिचे मोल मला फार वाटते.

क्वार्ट्झच्या घड्याळांनी या प्रश्नाला काही काळ पूर्णविरामच दिला. हॅमिल्टनचे पल्सर घड्याळ 1972 मध्ये 2,100 डॉलरला विकले जाऊ लागले तेव्हापासून अंकांचे घड्याळ मनगटावर आले, आणि दशकभरात ते इतके स्वस्त झाले की शाळकरी मुलांच्या हातीही दिसू लागले. परंतु त्याच्या चिपमधील नियम कारखान्यातच कायमचे कोरले जात. कॅसिओचे 1989 सालचे एफ-91डब्ल्यू हे घड्याळ अद्याप विकले जाते आणि आपल्याकडे असंख्य मनगटांवर आहे. त्याच्या दिनदर्शिकेत वर्ष ही चीजच नाही, त्यामुळे लीप वर्ष म्हणजे काय हे त्याला ठाऊक नाही. फेब्रुवारी त्याच्या लेखी सदैव 28 दिवसांचा. दर चार वर्षांनी 28 फेब्रुवारीच्या मध्यरात्री ते निःशंकपणे 1 मार्च दाखवते, आणि मालकाने कडेची बटणे दाबून तारीख स्वहस्ते 29 वर आणावी लागते. हा दोष कोणी सुधारू शकत नाही, आणि त्याच कारणाने त्या घड्याळाला कोणी बिघडवूही शकत नाही. सुधारणेला पारखे असण्यातही एक प्रकारचे अभय असते, हे त्या घड्याळाच्या दीर्घायुष्याचे एक कारण मला वाटते.

बदलता येणारी स्मृती तोवर प्रयोगशाळांत सिद्ध झाली होती. इंटेलमध्ये डोव्ह फ्रोमन यांनी 1971 मध्ये अशी चिप घडवली की जिच्या माथ्यावरच्या क्वार्ट्झच्या खिडकीतून अतिनील किरण सोडले असता आतील लेख पुसला जाई आणि नवा लिहिता येई. जपानात तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी 1984 च्या सुमारास फ्लॅश स्मृती पुढे आणली, जिला किरणांचीही गरज उरली नाही. हे तंत्र घड्याळात अवतरण्यापूर्वीचा एक टप्पा मोठा मनोहर आहे. टाइमेक्स आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून 1994 मध्ये डेटालिंक नावाचे घड्याळ काढले. त्याच्या तबकडीवर एक बारीकसा प्रकाशग्राही डोळा होता. संगणकापुढे बसून घड्याळ पडद्यासमोर हातभर अंतरावर धरले की पडद्यावर पांढऱ्या आडव्या रेषा लखलखू लागत, आणि त्या उघडझापेतून दूरध्वनीचे क्रमांक, भेटींच्या वेळा, पुढच्या प्रतींत तर लहानसहान कार्यक्रमही घड्याळाच्या पोटात उतरत. काच-नळीच्या जुन्या पडद्यावरच हे साधे. मांडीवरच्या संगणकाच्या सपाट पडद्याचा प्रकाश तसा लवलवत नसल्याने त्यासाठी वेगळे उपकरण जोडावे लागे. महत्त्वाची गोष्ट अशी की घड्याळ मालकाने स्वतः धरल्यावाचून त्यात काही शिरत नसे.

दहा वर्षांनी हीच मायक्रोसॉफ्ट एफएम रेडिओच्या लहरींवरून बातम्या आणि हवामान पोचवणारी घड्याळे घेऊन बाजारात आली, आणि 1 जानेवारी 2012 रोजी ते प्रक्षेपण बंद झाले तेव्हा त्या घड्याळांचे निम्मे प्रयोजन एका दिवसात लयाला गेले. दूरच्या दप्तराशी नाळ जोडलेले घड्याळ त्या दप्तराच्या आयुष्याशीही बांधले जाते, याचा तो पहिला ठळक दाखला.

त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये सुरू झालेल्या मोहिमेत पेबल या घड्याळासाठी सुमारे 69 हजार लोकांनी आगाऊ वर्गणी भरून 1 कोटी डॉलरहून अधिक रक्कम उभी केली. पेबलच्या रचनेतील एका तजविजीबद्दल मला विशेष आदर वाटतो. तिच्यात नेहमीच्या फर्मवेअरखेरीज आपत्कालासाठी एक अगदी साधे, दुय्यम फर्मवेअर स्मृतीच्या वेगळ्या भागात राखून ठेवलेले होते. नवी आवृत्ती चढवताना मधेच काही बिनसले, तर ठराविक बटणे एकत्र दाबून धरली की घड्याळ त्या राखीव अवस्थेत जागे होई आणि फोनशी बोलून पुन्हा सावरे. जुन्या आवृत्तीची फाईल हाती असल्यास ती फोनमार्गे परत चढवणेही जाणकारांना साधत असे. येथे घड्याळजीची दांडी पुन्हा मालकाच्या हाती आली होती, असे म्हणता येईल.

ॲपलचे घड्याळ एप्रिल 2015 मध्ये विक्रीस आले आणि या व्यवहाराचा शिरस्ताच पालटला. त्याच्या प्रणालीच्या प्रत्येक आवृत्तीवर कंपनीचे गूढलिपीतील शिक्कामोर्तब असावे लागते. घड्याळ नवी आवृत्ती उतरवून घेताना तो शिक्का पडताळून पाहते, आणि कंपनी जुन्या आवृत्तीवर नवा शिक्का देणे बंद करते तेव्हा ती आवृत्ती, तिची फाईल जपून ठेवलेली असली तरी, निरुपयोगी होते. मराठेशाहीच्या दप्तरात मोर्तब नसलेले पत्र जसे ग्राह्य धरले जात नसे, तसाच हा प्रकार. डिसेंबर 2016 मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर 2018 च्या अखेरीस, सिरीज 4 बाजारात नुकतीच आलेली असताना, कंपनीने सोडलेली आवृत्ती काही घड्याळांना मानवली नाही. ती मधेच थबकली आणि पुढे जाईनात. कंपनीने दोन्ही आवृत्त्या तातडीने मागे घेतल्या. परंतु ज्यांची घड्याळे अडकली होती त्यांना घरी करण्यासारखे काही नव्हते, कारण दुरुस्तीची जोडणी पट्ट्याच्या खाचेत झाकणाआड होती आणि ती वापरण्याची साधने केवळ कंपनीच्या सेवाकेंद्रात होती. घड्याळ पाठवून देणे आणि वाट पाहणे एवढेच हाती उरले. मार्च 2022 पासून शेजारी आयफोन ठेवून अडकलेले घड्याळ सावरण्याची सोय झाली, तीही जुन्या आवृत्तीकडे नेणारी नव्हे.

हे निर्बंध निव्वळ हडेलहप्पीतून आले असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. जुन्या आवृत्तीतील सुरक्षेचे भगदाड जगजाहीर झालेले असते. घड्याळ चोरणारा किंवा त्यात घुसू पाहणारा मनुष्य तेच घड्याळ जुन्या आवृत्तीवर ढकलून ते भगदाड पुन्हा उघडू शकतो, म्हणून अनेक उपकरणांत आवृत्तीचा क्रमांक पुसता न येणाऱ्या ठिकाणी नोंदवून त्याच्या मागे जाण्यास मज्जाव करतात. आणि जो कधीच पुढे जात नाही त्यालाही काळ सोडीत नाही. जीपीएसच्या मूळ संकेतात आठवड्यांची मोजदाद 1,023 पर्यंतच पोचते आणि मग शून्यावर येते. 6 एप्रिल 2019 रोजी ती अशी शून्यावर आली, आणि ज्या उपकरणांच्या जुन्या फर्मवेअरने याची तरतूद केली नव्हती त्यांना तारीख सुमारे वीस वर्षे मागची वाटू लागण्याचा धोका होता. त्यांना अपडेटवाचून दुसरा उपाय नव्हता.

तेव्हा माझा स्वतःचा कौल असा पडतो: सुरक्षेची दुरुस्ती असेल तर ती टाळू नये, केवळ नव्या सोयींची आवृत्ती असेल तर आठवडा-पंधरवडा खुशाल थांबावे, इतरांच्या मनगटांवर तिची परीक्षा होऊ द्यावी, आणि चढवण्याची वेळ येईल तेव्हा बॅटरी निम्म्याहून अधिक भरलेली, घड्याळ चार्जरवर आणि फोन शेजारी असेल असे पाहावे. परंतु ही सावधगिरी मालकाने बाळगावी एवढ्याने कारखानदाराची जबाबदारी संपत नाही.

ती किती मोठी आहे हे अलीकडच्या एका वादाने दाखवून दिले. रक्तातील प्राणवायू मोजण्याच्या तंत्रावरून मासिमो या कंपनीशी चाललेल्या पेटंटच्या तंट्यात अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ॲपलविरुद्ध आयातबंदीचा हुकूम दिला, आणि जानेवारी 2024 पासून त्या देशात विकलेल्या नव्या घड्याळांत ती सोय सॉफ्टवेअरने बंद ठेवण्यात आली. संवेदक जागच्या जागी होता. घड्याळाच्या तळाशी असलेले दिवे, काच, सारे शाबूत होते. फक्त त्याला काम करण्याची परवानगी नव्हती. अमेरिकेतल्या मुला-बाळांनी आईवडिलांसाठी पुण्या-मुंबईस आणलेल्या अशा घड्याळालाही ती परवानगी नव्हती. ऑगस्ट 2025 मध्ये एका अपडेटद्वारे गणित आयफोनवर करून ती सोय निराळ्या रीतीने परत आली. विकत घेतलेल्या वस्तूतील एखादे इंद्रिय दूरच्या न्यायासनाच्या निर्णयाने निजवता येते आणि जागवता येते, ही गोष्ट चावीच्या घड्याळाच्या धन्याला सांगून पटली नसती.

पेबलची कथा मात्र निराळ्या वळणाने गेली. कंपनी डिसेंबर 2016 मध्ये बंद पडली, तिची मालमत्ता फिटबिटकडे गेली, आणि 30 जून 2018 रोजी तिच्या सेवा थांबल्या. तेव्हा वापरणाऱ्यांनीच रिबल नावाने एकत्र येऊन त्या सेवांची पर्यायी उभारणी केली आणि घड्याळे चालती ठेवली. फिटबिट पुढे गूगलच्या ताब्यात आली, आणि जानेवारी 2025 मध्ये गूगलने पेबलच्या प्रणालीची बहुतांश मूळ संहिता सर्वांसाठी खुली केली. दुसऱ्यांच्या मालकीचे काही भाग वगळावे लागल्यामुळे ती आहे तशी घड्याळात चढवण्याजोगी नव्हती. तरी ज्यांना त्या कामाची आवड होती ते गाळलेल्या जागा भरायला बसले, आणि पेबलचे संस्थापक एरिक मिगिकोव्हस्की यांनी त्याच संहितेच्या बळावर नवी घड्याळे काढण्याचे जाहीर केले.