लोअरिंग स्प्रिंग

लोअरिंग स्प्रिंग म्हणजे मोटारीच्या मूळ स्प्रिंगऐवजी बसवली जाणारी, तिच्याहून आखूड आणि बहुधा अधिक ताठर अशी मळसूत्री स्प्रिंग होय. ती बसवल्याने मोटारीचा सांगाडा जमिनीच्या अधिक जवळ येतो, वळणावरचे कलणे कमी होते आणि मोटारीचे रूपही बदलते. मात्र स्प्रिंग हा सस्पेन्शनचा केवळ एक घटक आहे. शॉक अ‍ॅब्सॉर्बर (अवमंदक), बम्प स्टॉप, टायर आणि चाकांची भूमिती यांच्याशी तिचा मेळ नसेल, तर रोजच्या वापरातील मोटार त्रासदायक आणि काही वेळा धोकादायकही होते. म्हणून अशा मोटारीसाठी स्प्रिंग व अवमंदक यांची निवड एकत्रितपणे करतात.

इतिहास

स्प्रिंगला दिलेला ताण आणि तिने दिलेले बल सम प्रमाणात असतात, हा नियम इंग्लिश शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांनी १६७८ मध्ये स्पष्ट शब्दांत मांडला. मोटारींच्या आरामदायकतेचा पद्धतशीर अभ्यास १९३० च्या दशकात अमेरिकेत झाला. त्यात मॉरिस ऑली या अभियंत्याचे काम महत्त्वाचे मानले जाते. पुढील स्प्रिंगा मागील स्प्रिंगांपेक्षा मऊ ठेवल्यास मोटारीचे पुढे-मागे डुलणे लवकर शमते, हे त्यांनी दाखवून दिले.

मोटार खाली उतरवण्याची हौस दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील मेक्सिकन वंशाच्या तरुणांमध्ये रुजली. डिकीत वाळूची पोती ठेवणे किंवा स्प्रिंगांचे वेढे कापणे हे तिचे आरंभीचे उपाय होते. युरोपात हाच बदल मोटार-शर्यतींच्या प्रभावाने आला. जर्मनीत हाइनरिख आयबाख यांनी १९५१ मध्ये सुरू केलेला स्प्रिंगांचा कारखाना पुढे लोअरिंग स्प्रिंगांसाठी प्रसिद्ध झाला. एकनळी वायुदाब अवमंदकाचा विकास फ्रेंच संशोधक क्रिस्तियाँ बुर्सिए द कार्बाँ यांच्या कामातून झाला आणि १९५० च्या दशकात जर्मनीतील बिलस्टाइन कंपनीने तो उत्पादनात आणला.

कार्यतत्त्व

ताठरता

स्प्रिंग एक मिलिमीटर दाबण्यास लागणाऱ्या बलाला तिची ताठरता म्हणतात. मळसूत्री स्प्रिंगची ताठरता तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या सम प्रमाणात, तर वेटोळ्याच्या सरासरी व्यासाचा घन आणि क्रियाशील वेढ्यांची संख्या यांच्या व्यस्त प्रमाणात असते. त्यामुळे १२ मि.मी. जाडीची तार १२.६ मि.मी. केली, म्हणजे जाडी केवळ ५ टक्क्यांनी वाढवली, तरी ताठरता सुमारे २२ टक्क्यांनी वाढते. सहा क्रियाशील वेढ्यांपैकी एक कमी केल्यास ती २० टक्क्यांनी वाढते.

नैसर्गिक कंप्रता

स्प्रिंगांवर तोललेली मोटार एका सेकंदात जितक्या वेळा वरखाली होऊ पाहते, त्या संख्येला तिची नैसर्गिक कंप्रता म्हणतात. आरामदायी प्रवासी मोटारीत ती साधारणपणे १ ते १.५ हर्ट्झ असते. क्रीडा-शैलीच्या मोटारीत ती १.५ ते २ हर्ट्झपर्यंत जाते. ही कंप्रता ताठरतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. म्हणून ताठरता २० टक्क्यांनी वाढली, तर १.२ हर्ट्झची कंप्रता सुमारे १.३ हर्ट्झ होते. एवढा फरक जाणवतो, पण तो असह्य नसतो.

बसलेल्या माणसाच्या शरीराला ४ ते ८ हर्ट्झ या पट्ट्यातील उभी कंपने सर्वाधिक जाणवतात. चाक व आस यांची स्वतःची कंप्रता साधारण १० ते १५ हर्ट्झ असते. मोटारीला 'कडक' म्हटले जाते, तेव्हा तक्रार अनेकदा स्प्रिंगच्या मंद हेलकाव्याची नसते. तिचे मूळ अवमंदक, बम्प स्टॉप किंवा बारीक कडेचा टायर यांच्यातून येणाऱ्या जलद धक्क्यांत असते.

अवमंदन

स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि परत देते. ती ऊर्जा उष्णतेत रूपांतरित करून हेलकावा शमवणे हे अवमंदकाचे काम होय. अवमंदक दबताना व उसळताना वेगवेगळा विरोध करतो. सामान्यतः उसळीच्या वेळचा विरोध जास्त ठेवलेला असतो, कारण दबलेल्या स्प्रिंगची ऊर्जा त्या वेळी आवरायची असते.

मोटार एकदाही न हेलकावता मूळ जागी परतण्यास जितके अवमंदन लागते, त्याला क्रांतिक अवमंदन म्हणतात. प्रवासी मोटारीत त्याच्या साधारण ०.२ ते ०.४ पट अवमंदन ठेवतात. ताठरता २० टक्क्यांनी वाढवून अवमंदक तोच ठेवला, तर हे गुणोत्तर सुमारे ९ टक्क्यांनी घटते. सुस्थितीतील मूळ अवमंदकाला एवढी घट पेलते. झिजलेल्या अवमंदकात मात्र ती लगेच जाणवते.

चालीचा प्रश्न

चाक स्थिर अवस्थेपासून वर जाऊन बम्प स्टॉपला टेकेपर्यंतच्या अंतराला दाबाची चाल म्हणतात. मोटार जितकी खाली येते तितकी ही चाल घटते. मूळ मोटारीत ८० मि.मी. चाल आहे असे मानू. स्थिर अवस्थेपासून पुढे स्प्रिंगमध्ये शोषली जाणारी ऊर्जा ताठरता आणि चालीचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. म्हणून तोच धक्का कमी चालीत शोषायचा असेल, तर ताठरता पुढीलप्रमाणे वाढवावी लागेल (अवमंदकाचा वाटा येथे धरलेला नाही):

| उंचीतील घट (मि.मी.) | उरलेली चाल (मि.मी.) | लागणारी ताठरता (मूळच्या पटीत) |
|---|---|---|
| ० | ८० | १.० |
| १५ | ६५ | १.५ |
| २५ | ५५ | २.१ |
| ३० | ५० | २.६ |
| ४० | ४० | ४.० |

रोजच्या वापरासाठीच्या लोअरिंग स्प्रिंगा इतक्या ताठर केल्या जात नाहीत. केल्या, तर मोटारीत बसवणार नाही. उरलेला धक्का बम्प स्टॉपला झेलावा लागतो. म्हणजे खाली उतरवलेली मोटार खड्ड्यात आदळते, ती स्प्रिंग फार ताठर असल्याने नव्हे, तर पुरेशी चाल नसल्याने. 'स्प्रिंग मऊ घेतली की आराम टिकेल' हा समज यामुळे चुकीचा ठरतो. मऊ व आखूड स्प्रिंग सर्वांत आधी बम्प स्टॉपवर जाते.

लाभ आणि मर्यादा

वळणावर बाहेरच्या चाकांवर सरकणारा भार गुरुत्वमध्याच्या उंचीच्या प्रमाणात असतो. गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५० मि.मी. उंच असेल आणि मोटार ३० मि.मी. खाली आणली, तर हा भार सुमारे साडेपाच टक्क्यांनी कमी होतो. लाभ खरा आहे, पण मर्यादित आहे. चालकाला जाणवणारी स्थिरता मुख्यतः वाढलेल्या ताठरतेतून व चांगल्या अवमंदकातून येते.

मॅकफर्सन स्ट्रट प्रकारच्या पुढील सस्पेन्शनमध्ये एक अडचण संभवते. मोटार खाली येते, तेव्हा तिचा कलण्याचा केंद्रबिंदू गुरुत्वमध्यापेक्षा अधिक खाली जातो. त्यामुळे कलवणारी तरफ लांबते आणि मिळालेल्या लाभाचा काही भाग निघून जातो. स्टिअरिंगच्या दांड्यांचे कोन बदलल्याने उंचवट्यावर चाके आपोआप किंचित वळण्याची प्रवृत्तीही वाढते.

प्रकार

समताठर स्प्रिंग: हिची ताठरता सर्व चालीत सारखी असते. वागणूक ओळखीची राहते आणि अवमंदकाशी मेळ घालणे सोपे जाते.

वर्धमान स्प्रिंग: हिचे काही वेढे जवळजवळ असतात आणि भार वाढला की ते एकमेकांना टेकतात. त्यानंतर क्रियाशील वेढे कमी होऊन ताठरता वाढते. काही स्प्रिंगांत हे वेढे मोटारीच्या वजनानेच टेकलेले असतात. त्यांचा उपयोग चाक पूर्ण लोंबकळताना स्प्रिंग जागेवरून सुटू नये एवढाच असतो. म्हणून 'वर्धमान' या शब्दावरून आरामाचा निष्कर्ष काढता येत नाही.

द्विनळी अवमंदक: यात एकात एक अशा दोन नळ्या असतात. तेलासोबत कमी दाबाचा वायू असलेला हा प्रकार स्वस्त असतो, त्याचे घर्षण कमी असते आणि तो मंद धक्के मृदूपणे घेतो.

एकनळी अवमंदक: यात तेल व अधिक दाबाचा नायट्रोजन यांना तरता दट्ट्या वेगळे ठेवतो. तेलात फेस होत नाही व उष्णता लवकर बाहेर पडते. वायूचा दाब दांडा बाहेर ढकलत असल्याने मोटार काही मिलिमीटर वर उचलली जाते. उंचीचा हिशेब करताना हे लक्षात घ्यावे लागते.

समायोज्य अवमंदक: यातील काहींत केवळ उसळीचा विरोध बदलता येतो, काहींत दोन्ही बाजूंचा. ज्यांत उंचीही बदलता येते, त्या संचाला कॉइलओव्हर म्हणतात.

निवड

१. आधी मूळ संच तपासावा. तेल गळणारा अवमंदक, फुटलेले बुश किंवा खचलेले वरचे माउंट यांमुळे मोटार सैल वाटत असेल, तर मूळ उंचीवरच नवे अवमंदक बसवणे हा सर्वांत समाधानकारक उपाय ठरू शकतो.

२. उंचीतील घट मर्यादित ठेवावी. रोजच्या वापरासाठी १५ ते २५ मि.मी. ही घट सुसह्य असते. त्याहून अधिक घट हवी असल्यास आखूड दांड्याचे अवमंदक आवश्यक होतात, कारण मूळ अवमंदकाचा दट्ट्या मग कायम खालच्या भागात काम करतो.

३. स्प्रिंग त्याच मॉडेलची व त्याच आसभाराची घ्यावी. डिझेल व पेट्रोल इंजिनांच्या वजनांत फरक असतो. त्यामुळे एका प्रकारासाठीची स्प्रिंग दुसऱ्यात वेगळ्या उंचीवर बसते.

४. चारही स्प्रिंगा एकत्र बदलाव्यात. केवळ पुढच्या ताठर केल्यास पुढे-मागे यांचे प्रमाण बिघडते आणि मोटार डुलत राहते.

५. स्प्रिंग व अवमंदक एकमेकांसाठी जुळवलेले घ्यावेत. अतिशय कडक अवमंदक लहान खड्ड्यांचे धक्के थेट आत पोहोचवतो. लागोपाठच्या खड्ड्यांवर तो स्प्रिंगला परत उघडूही देत नाही, आणि मोटार हळूहळू खाली बसत जाते.

६. बम्प स्टॉप काढून टाकू नयेत. उत्पादकाने सांगितले असल्यासच ते आखूड करावेत किंवा त्याने दिलेले आखूड स्टॉप बसवावेत.

७. टायरचा विचार सोबतच करावा. मोठ्या रिमवरील बारीक कडेचा टायर आरामाची जेवढी हानी करतो, तेवढी बेताची लोअरिंग स्प्रिंग करीत नाही.

स्प्रिंग कापून किंवा तापवून मोटार खाली आणणे धोकादायक आहे. तापवल्याने पोलादाचे पाणी उतरते व स्प्रिंग खचते किंवा तुटते. कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही आणि चाक लोंबकळताच स्प्रिंग निसटू शकते.

भारतीय रस्त्यांवरील वापर

भारतात कुटुंबाची मोटार अनेकदा पूर्ण भरलेली असते. मागील आसाच्या दोन्ही स्प्रिंगांची चाकापाशी मोजलेली एकत्रित ताठरता प्रति मि.मी. ५० न्यूटन असेल आणि मागे २५० किलोग्रॅम भार आला, तर मागील भाग सुमारे ५० मि.मी. खचतो. ८० मि.मी. चालीपैकी ३० मि.मी. उरते. तीच मोटार ३० मि.मी. खाली उतरवून स्प्रिंग २० टक्के ताठर केली, तर भाराने ती सुमारे ४१ मि.मी. खचते व उरते केवळ ९ मि.मी. चाल. एकट्या चालकाला सुखद वाटलेली मोटार सणासुदीला गावी जाताना मागच्या आसनावरील ज्येष्ठांच्या कण्याची परीक्षा पाहते, त्याचे कारण हे आहे.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक १७ मीटर त्रिज्येचा, ३.७ मीटर रुंद व १० सें.मी. उंच असतो. तो ताशी २५ कि.मी. वेगाने ओलांडता यावा अशी अपेक्षा असते. पुढील व मागील चाकांत २.५ मीटर अंतर असलेल्या मोटारीच्या मध्यभागी अशा गतिरोधकाचा माथा चाकांच्या पातळीपेक्षा केवळ ४.६ सें.मी. वर येतो. मात्र मानक न पाळता बांधलेला अरुंद गतिरोधक दोन्ही चाकांच्या मध्ये पूर्णपणे मावतो आणि त्याची सगळीच उंची मोटारीच्या पोटाखाली येते. रिकामी असताना जमिनीपासून १६५ मि.मी. उंच असलेली मोटार भरल्यावर मध्यभागी सुमारे १४० मि.मी. उरते. वरीलप्रमाणे ३० मि.मी. उतरवलेली मोटार सुमारे ११५ मि.मी. उरते. १२ सें.मी. उंचीचा अरुंद गतिरोधक पहिली सावकाश ओलांडते, दुसरीचे तेलपात्र किंवा धूरनळी त्यावर घासते.

जोडणी

दबलेल्या स्प्रिंगमध्ये मोठी ऊर्जा साठलेली असते. म्हणून काम योग्य स्प्रिंग-कॉम्प्रेसर असलेल्या प्रशिक्षित कारागिराकडूनच करून घ्यावे. रबरी बुशांचे बोल्ट मोटार चाकांवर उभी असताना अखेरचे आवळावेत. चाके लोंबकळत असताना आवळल्यास बुश कायम पिळलेले राहतात व लवकर फाटतात. जोडणीनंतर व्हील अलाइनमेंट करणे आणि हेडलाइटचा झोत पुन्हा जुळवणे आवश्यक असते. कॅम्बर व टो यांकडे दुर्लक्ष झाल्यास टायर एका कडेने झिजतात.

कायदेशीर बाबी

जर्मनीत असे सुटे भाग तांत्रिक तपासणीच्या प्रमाणपत्रासह विकले जातात व जोडणीनंतर अधिकृत परीक्षकाकडून त्यांची नोंद करून घ्यावी लागते. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील व निर्मात्याने मूळ ठरवलेले तपशील यांत तफावत पडेल असा बदल वाहनमालकास करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात या तरतुदीचा कठोर अर्थ लावला. त्यामुळे बदल करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालय व विमा कंपनी यांच्याकडे चौकशी करणे इष्ट ठरते. बदलामुळे मोटारीच्या वॉरंटीवरही परिणाम होऊ शकतो.

हे सुद्धा पहा

- शॉक अ‍ॅब्सॉर्बर
- मॅकफर्सन स्ट्रट
- हूकचा नियम
- गतिरोधक
- व्हील अलाइनमेंट