फुगलेल्या पोलादाचं बर्लिनमधलं कूळ

डौनरे, स्कॉटलंडचं उत्तर टोक. तिथल्या फास्ट रिअॅक्टरमध्ये न्यूट्रॉनांचा मारा सोसलेलं स्टेनलेस स्टील कॉथॉर्न आणि फुल्टन या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर पोलादाच्या पोटात त्याला फुगवणाऱ्या अतिसूक्ष्म पोकळ्याच पोकळ्या. हे 1967 साली प्रसिद्ध झालं. या पोकळ्यांचं मूळ शोधत मी मागे गेलो आणि पोचलो थेट बर्लिनला, रसायनशास्त्रज्ञ मायकेल पोलान्यी यांच्याकडे.

वेगवान न्यूट्रॉन अणुभट्टीच्या ग्राफाइटमधले अणू जागचे उडवतील, हे भौतिकशास्त्रज्ञ यूजीन विग्नर यांनी 1942 साली शिकागोत ओळखलं, एवढं सर्वश्रुत आहे. पण त्यांनाच ते का सुचलं? विग्नर मूळचे केमिकल इंजिनिअर. 1924 मध्ये हर्मन मार्क यांच्यासोबत त्यांनी गंधकाच्या स्फटिकाची रचना मांडली, 1925 मध्ये पोलान्यींकडे डॉक्टरेट केली. आणि पोलान्यींच्या मंडळींनी त्याच दशकात जस्ताचे एकसंध स्फटिक ताणून पाहिले होते. माझ्या मते बीज इथेच पडलं.

यावर आक्षेप येतो की हा तर साधा टकरीचा हिशेब. 10 लाख इलेक्ट्रॉन व्होल्टचा न्यूट्रॉन लोखंडाच्या अणूला समोरून धडकला, तर त्याला 69 हजारांपर्यंत ऊर्जा देतो. उखडायला 40च्या आसपास पुरते. कबूल. पण उखडलेल्या अणूचं स्फटिकात पुढे काय होईल, ही चिंता स्फटिकांत रमलेल्या माणसालाच पडते.

या कुळाच्या मूळपुरुषपदाचा दुसरा दावेदार वयाने थोरला आहे. नॉर्वेच्या ब्र्योगर यांनी बाहेरून स्फटिक, पण आतून विस्कटलेली खनिजं 1893 सालीच नोंदवली, म्हणजे किरणोत्सार सापडण्याच्या तीन वर्षं आधी! दोष किरणोत्साराचा, हे हॅम्बर्ग यांनी 1914 मध्ये सुचवलं. तरी ही शाखा वेगळी. धातू असे विस्कटत नाहीत, मारा खाऊनही स्फटिकच राहतात.

मग पोलाद फुगतं कसं? उखडलेला अणू शेजाऱ्यांच्या फटीत घुसतो, मागे जागा रिकामी राहते. बहुतेक जोड्या लगेच मिटतात. उरलेल्यांत घुसखोर अणूंना डिस्लोकेशन, म्हणजे स्फटिकातली सरकलेल्या थराची कड, किंचित जास्त ओढून घेते. ते तिथे नवा थर रचतात. शिल्लक रिकाम्या जागा जमून पोकळी होते. ही डिस्लोकेशनची कल्पना 1934 साली टेलर आणि ओरोवान यांच्याप्रमाणेच स्वतंत्रपणे मांडली ती पोलान्यींनी. डौनरेच्या पोलादात शिष्याचा अणू गुरूच्या कडेला जाऊन चिकटला होता.

किरणोत्साराने धातू कसे बिघडतात हे शिकवणाऱ्यांनी पहिला धडा शिकागोचा न ठेवता बर्लिनचा ठेवावा.