ऋणमुक्ति कशापासून?

ऋण, वैर आणि हत्या हीं जन्मोजन्मीं चुकत नाहींत अशी आपल्या लोकांची जुनी समजूत आहे. या समजुतींत धाक आहे तसा न्यायही आहे. घेतलेलें परत करावें ही व्यवहाराची पहिली अट होय, आणि ती मोडली तर उद्यां अडल्या माणसास कोणी दाराशीं उभें करणार नाहीं. म्हणूनच सरकारनें कायदा करून कर्ज माफ करावें कीं नाहीं हा प्रश्न निघाला म्हणजे विचारी माणसांतही दोन तट पडतात. एक पक्ष म्हणतो, माफीनें ऋणको निगरगट्ट होतो आणि नेमानें फेडणारा मूर्ख ठरतो. दुसरा म्हणतो, जें फिटणारच नाहीं तें वहींत ठेवून काय साधणार? दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु दोघांचेंही लक्ष कर्जाच्या आंकड्यावर खिळलेलें असतें. पेण आणि रोहा या दोन तालुक्यांच्या गेल्या दीडशें वर्षांच्या इतिहासाकडे पाहिलें तर आंकडा हा या प्रकरणांतील गौण भाग आहे असें आम्हांस वाटतें. कर्ज थकल्यावर धनको काय उचलून नेऊं शकतो, धान्य, जमीन कीं माणूस, हा मुख्य प्रश्न होय; आणि ज्या कायद्यानें त्या प्रश्नास हात घातला तोच टिकाऊ उपयोगाचा ठरला.

प्रथम या भागांतील कर्जाचें स्वरूप पाहूं. पेण भोगावतीच्या कांठीं आणि रोहा कुंडलिकेच्या कांठीं वसला आहे. खाडीला बांध घालून सोडविलेली खार जमीन असो वा डोंगराच्या पायथ्याची गोडी जमीन असो, मुख्य पीक एकच, पावसाळी भात. वर्षाचें पोट एका हंगामावर. कार्तिकांत कणगी भरावी, शिमग्यापर्यंत ती निम्मी व्हावी आणि मृगाच्या सुमारास तिचा तळ दिसावा, हा सामान्य कुळाचा क्रम. नेमकें त्याच वेळीं बियाणें हवें आणि लावणीला वांकलेल्या माणसांच्या पोटांत अन्न हवें. मग सावकाराच्या किंवा खोताच्या ओटीवर जाऊन भात आणावयाचें आणि कापणीनंतर तें सवाईनें वा दिढीनें परत करावयाचें. दिढी म्हणजे मणाला दीड मण. चार-पांच महिन्यांस शेंकडा पन्नास. आषाढांतील महाग भाताची किंमत रुपयांत मांडून ती कार्तिकांतील स्वस्त भातानें वसूल केली, तर भार याहूनही वाढे. त्यांत खाडीचा बांध फुटून खारें पाणी शेतांत शिरलें, तर एकाच वर्षाचें पीक बुडून भागत नसे. जमिनींतील मीठ धुपून जाईपर्यंत पुढलीं वर्षेंही हातचीं जात. असलें कर्ज चैनीचें नव्हे, उधळपट्टीचेंही नव्हे. दोन हंगामांमधील भुकेचें तें कर्ज होय.

या भुकेच्या कर्जाची दखल आपल्या जुन्या शास्त्रानें घेतली होती काय? दामदुपटीचा नियम सर्वांच्या परिचयाचा आहे. व्याज एका वेळीं मुद्दलाहून अधिक घेऊं नये, हा मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांतील दंडक मुंबई इलाख्यांतील इंग्रजी न्यायालयांनींही हिंदु ऋणकोंच्या बाबतींत मान्य केला होता. परंतु त्याच श्लोकांत धान्याच्या कर्जाची मर्यादा दुपटीची नसून पांचपटीची आहे, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाहीं. म्हणजे रोकड काढणाऱ्या व्यापाऱ्यास संरक्षण अधिक आणि पोटासाठीं दाणे काढणाऱ्यास कमी! शिवाय जुनी बाकी व व्याज एकत्र करून दरसाल नवें खत लिहून घेतलें कीं व्याजाचेंच मुद्दल होई, आणि दुपटीचा हिशेब पुन्हा आरंभापासून सुरू होई.

इंग्रजी अमलांत या प्रश्नाचा स्फोट झाला तो घाटावर. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्याच्या भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांवर चाल केली आणि हें लोण पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गांवीं पोंचलें. लोकांचा मुख्य रोख दागिन्यांवर नव्हता, खतांवर व रोख्यांवर होता. ते हिसकून घेऊन जाळण्यांत आले. सरकारनें चौकशी मंडळ नेमलें आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस तो प्रथम लागू झाला. न्यायाधीशानें केवळ कागदावर विसंबून न राहतां मूळ रक्कम किती व व्याज किती हें उकलून पाहावें, फेडीचे हप्ते बांधून द्यावे, कर्जासाठीं शेतकऱ्यास कैदेंत टाकूं नये आणि स्पष्टपणें गहाण न लिहिलेली जमीन जप्त करूं नये, हीं त्याचीं मुख्य कलमें. न्यायमूर्ति रानडे यांनीं या कायद्याखालील खास न्यायाधीश म्हणून अनेक वर्षें काम केलें.

या कायद्याचा उपयोग झाला काय? सावकारांनीं पळवाट काढली. गहाणखत लिहून घेतलें तर न्यायालय हिशेब उकलतें, तेव्हां त्यांनीं खरेदीखतच लिहून घेण्यास सुरुवात केली आणि पैसे फेडल्यास जमीन परत देण्याचें वचन तोंडीं ठेवलें. जें संरक्षण म्हणून दिलें तेंच कांहींच्या जमिनी जाण्यास कारण झालें. पुढें कायद्यांत दुरुस्ती करून ही फट बुजवावी लागली. परंतु एक कलम मात्र कोणत्याही वकिलास फोडतां आलें नाहीं. कर्जापायीं शेतकऱ्याच्या हातांत बेडी पडणें बंद झालें तें झालें. हिशेब मोडतां येतो, परंतु शरीर तारणांतून एकदां काढून घेतलें म्हणजे तें सहजासहजीं परत तेथें जात नाहीं.

कुलाबा जिल्हा त्या पहिल्या चार जिल्ह्यांत नव्हता; आणि असता तरी येथील कुळाची अडचण निराळी होती. ज्याच्यापाशीं स्वतःची जमीनच नाहीं त्याची जमीन जप्तींतून काय वांचविणार? खोताचा मक्ता पिकला नाहीं तरी द्यावा लागे. मक्ता थकला कीं तो वहींत कर्ज म्हणून चढे, आणि वहींतील कर्जाची धमकी दाखवून पुढल्या सालची कबुलायत पाहिजे त्या अटींवर लिहून घेतां येई. येथें धनको आणि जमीनमालक एकच असल्यामुळें कर्ज हें जमिनीवरून हुसकण्याचें हत्यार झालें होतें. डिसेंबर १९३० मध्यें पेण येथें शेतकऱ्यांची परिषद भरली ती या स्थितीविरुद्ध. त्यानंतर १९३३ सालीं शेजारच्या अलिबाग तालुक्यांतील चरी येथें नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालीं कुळांनीं खोतांच्या जमिनी न कसण्याची शपथ घेतली. पंचवीस गांवांचा तो संप १९३९ पर्यंत, सहा वर्षें, चालला. १९३७ सालीं डॉ. आंबेडकरांनीं खोती नष्ट करण्याचें विधेयक मुंबईच्या विधिमंडळांत मांडलें, त्यामागें कोंकणांतील याच चळवळीचें बळ होतें.

१९३९ सालच्या मुंबई इलाख्याच्या कायद्यांचे क्रमांक पाहणारास एक बोधप्रद गोष्ट आढळते. अठ्ठाविसावा कायदा शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा आणि त्याच्या पाठोपाठ एकोणतिसावा कुळांचा. पहिल्यानें कर्ज फेडीच्या ऐपतीपर्यंत उतरवून हप्ते पाडून देण्याची व्यवस्था केली. दुसऱ्यानें कुळास जमिनीवर पाय रोवण्याचा हक्क दिला. पहिल्याची अंमलबजावणी रेंगाळली. १९४७ सालीं तो रद्द करून नवा करावा लागला, मंडळांऐवजीं न्यायालयांकडे काम सोंपवावें लागलें आणि आतां त्याचें नांव जुन्या वकिलांच्या बोलण्यांतच यावयाचें. दुसऱ्याचा मात्र विस्तार होत गेला. १९४८ चा कुळकायदा, १९४९ चा खोती नष्ट करण्याचा कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन या पायऱ्यांनीं कूळ जमिनीचें मालक झालें. मक्त्याची बाकी दाखवून त्याला उठविणारा खोतच उरला नाहीं. खारेपाटांतील शेतकऱ्याची जी ऋणमुक्ति टिकली ती या दुसऱ्या वाटेनें आली.

येथें एक आक्षेप रास्त आहे. तारण काढून घेतलें कीं धनकोही निघून जातो. मग मृग नक्षत्रांत कुळानें कोणाच्या दारीं जावें? हा प्रश्न ज्यांस पडावयाचा त्यांत एक गृहस्थ रोह्याचेच होते. चिंतामणराव देशमुख यांचें बालपण रोह्यांत गेलें आणि १९४३ ते १९४९ या काळांत ते रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर होते. त्यांच्यामागून त्याच बँकेनें १९५१-५२ सालासंबंधीं सर्व देशांतील ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी करविली. शेतकऱ्यानें काढलेल्या शंभर रुपयांपैकीं सुमारें सत्तर सावकारांकडून, सुमारें तीन सहकारी संस्थांकडून, तितकेच सरकारकडून आणि जेमतेम एक व्यापारी बँकांकडून येत असे, असें त्या पाहणींत दिसून आलें. सहकारी पतपेढ्यांचा पहिला कायदा १९०४ चा. म्हणजे अर्धशतकाच्या खटपटीची ती मिळकत! सावकारास घालविणें सोपें, त्याच्या जागीं दुसरा उभा करणें कठीण, हें त्यावरून कळून आलें.

या कसोटीवर सर्वांत कठोर परीक्षा झाली ती कातकऱ्यांची. खैरापासून कात काढणारे ते कातकरी. १८७८ च्या जंगल कायद्यानें खैराचें रान त्यांच्या हातून निसटलें. जमीन नाहीं, भांडें नाहीं, मग तारण काय ठेवावें? स्वतःचे हात. शेजारच्या ठाणें जिल्ह्यांत लग्नाच्या खर्चासाठीं पैसे घेऊन वर्षानुवर्षें मालकाघरीं राबणाऱ्यास ‘लग्नगडी’ म्हणत. या एका शब्दांत सारी कहाणी आली. १९७५ च्या ऑगस्टांत महाराष्ट्र सरकारनें अल्प भूधारक, ग्रामीण कारागीर व मजूर यांचीं खासगी कर्जें रद्द केलीं आणि गहाण वस्तु परत देवविल्या. सर्वोच्च न्यायालयानें १९७७ सालीं तो कायदा उचलून धरला. १९७६ च्या केंद्राच्या कायद्यानें वेठबिगारी व तिच्या मुळाशीं असलेलें कर्ज दोन्ही अवैध ठरविलीं. माणूस तारणांतून सुटला. परंतु आषाढ कोठें सुटला होता? सरकारनें आदिवासींसाठीं ‘खावटी’ कर्ज सुरू केलें तें या जाणिवेनेंच. २०२० सालीं कोरोनाच्या काळांत कुटुंबास ४,००० रुपयांचें खावटी अनुदान, अर्धें रोख व अर्धें सामानरूपानें, देण्याचें ठरलें.

जेथें ही खावटी पोंचत नाहीं तेथें जुनें तारण नव्या नांवानें परत येतें. पावसाळ्यांत घरांत दाणा नसतो त्या वेळीं वीटभट्टीची किंवा कोळसाभट्टीची उचल हातांत पडते. दिवाळीनंतर मुलाबाळांसह सारें कुटुंब भट्टीवर जातें आणि आठवड्याच्या खर्चीवर दिवस काढतें. वैशाखांत हिशेब होतो. मजुरींतून उचल वजा, खर्ची वजा, आणि अंगावर बाकी निघाली तर ती पुढल्या हंगामावर चढते. मुलांची शाळा मध्येंच सुटते ती सुटतेच. या कर्जास खत नाहीं, रोखा नाहीं, म्हणून कोणत्याही कर्जमाफीच्या यादींत त्याचें नांव नाहीं. २००८ सालीं केंद्र सरकारनें आणि २०१७ व २०१९ सालीं राज्य सरकारनें मोठ्या कर्जमाफ्या केल्या. राज्याच्या पहिल्या माफीची मर्यादा १,५०,००० रुपयांची व दुसरीची २,००,००० रुपयांची होती. त्यांनीं अडलेल्या शेतकऱ्यांस दिलासा दिला हें खरें. परंतु ज्याचें कर्ज बँकेच्या वहींत होतें त्यालाच तो मिळाला. भट्टीच्या हिशेबाची वही सरकारास दिसत नाहीं.

ग्रीस देशांत अथेन्स नगरीच्या सोलोननें ख्रिस्तपूर्व ५९४ च्या सुमारास असाच एक ऋणमोचनाचा कायदा केला. त्याच्या कांहीं मित्रांस बातमी आधींच लागली. त्यांनीं घाईनें कर्जें काढून जमिनी घेतल्या आणि मग कर्जें माफ झालीं, अशी कथा प्लुटार्कनें दिली आहे. आंकड्याच्या माफीचें हें दुखणें इतकें जुनें आहे! परंतु अ‍ॅरिस्टॉटलच्या नांवानें चालत आलेल्या ग्रंथांत सोलोनच्या लोकहिताच्या सुधारणांमध्यें पहिलें स्थान माफीस दिलेलें नाहीं. माणसाच्या शरीराचें तारण घेऊन कर्ज देण्यास जी बंदी झाली तिला दिलें आहे. माफी एका पिढीची, बंदी पुढल्या सर्व पिढ्यांची.

तेव्हां कर्जनिवारणानें भलें होतें काय, या प्रश्नास आमचें उत्तर असें. पाटी पुसल्यानें भलें होतें, पण एका हंगामापुरतें. पुढल्या मृगांत तीच पाटी पुन्हा भरते. शरीर, घर आणि कसण्याची जमीन तारणांतून कायमची काढणें आणि त्याबरोबरच आषाढ-श्रावणाचे दाणे दुसऱ्या हातानें पुरविणें, हीं दोन कामें जोडीनें झालीं तरच मुक्ति टिकते. २००६ च्या वनहक्क कायद्यानें मिळणारी जमीन वारसानें चालते, विकतां येत नाहीं, हें त्या दृष्टीनें योग्यच झालें. तिच्यावरील पहिलें पीक घरांत येईपर्यंतची सोय व्हावयास हवी. ऋण चुकत नाहीं ही म्हण खोटी करण्याचें कारण नाहीं. घेतलेलें भात परत द्यावें. पण तें भातानेंच फिटावें, पोराच्या शाळेनें आणि बापाच्या हातांनीं फिटूं नये.