'तीर्थ विठ्ठल, क्षेत्र विठ्ठल': भीमसेनांचा एकच अभंग दर मैफलीत वेगळा का वाटतो?

बीड जिल्ह्यात गावोगावी हरिनाम सप्ताह होतात. रोज रात्री नवा कीर्तनकार, शेवटी काल्याचं कीर्तन. सकाळी पारावर चर्चा सुरू होते: कालच्या महाराजांनी अभंग उचलला भारी, पण परवाच्या गायकाची चाल जास्त गोड होती. एकच अभंग दोन वेळा ऐकून तुलना करायची सवय आपल्याला अशी लहानपणापासून असते.

पंडित भीमसेन जोशी यांच्या 'संतवाणी'चे चाहतेही हेच करतात. त्यांच्यात सर्वाधिक वाद रंगतो तो 'तीर्थ विठ्ठल, क्षेत्र विठ्ठल' या अभंगावर. कुणाला रेकॉर्डवरचा आवडतो, कुणाला मैफलीतला. या तुलनेत नेमकं काय ऐकायचं?

अभंग कुणाचा, चाल कुणाची?

शब्द संत नामदेवांचे. चाल संगीतकार राम फाटक यांची, अहिर भैरव रागावर बांधलेली. हा सकाळचा राग. त्यात रिषभ आणि निषाद कोमल लागतात. फाटक पुणे आकाशवाणीत होते आणि भीमसेनांचे अनेक गाजलेले अभंग त्यांनीच बांधले. तरी लोक सर्रास 'भीमसेनांचा अभंग' म्हणतात आणि चाल लावणाऱ्याचं नाव मागे पडतं.

चालीचा वाटा किती आणि गळ्याचा किती, हे समजून घ्यायला फाटकांचंच 'सखी मंद झाल्या तारका' ऐका. ते भीमसेनांनीही गायलंय आणि सुधीर फडके यांनीही. चाल तीच, पण परिणाम पूर्ण वेगळा.

मैफलीत काय बदलतं?

- वेळ: रेकॉर्डवर काही मिनिटांत अभंग संपवावा लागतो. मैफलीत ती घाई नसते. आधी आलाप येतो, राग उभा राहतो आणि मग शब्द.
- 'विठ्ठल' हा शब्द: तीर्थ, देव, आई-वडील, गुरू असं सगळं विठ्ठलच आहे, असं हा अभंग सांगतो. त्यामुळे हा शब्द सतत परत येतो. किराणा घराण्याच्या गायकीत वाढलेले भीमसेन तोच शब्द कधी खर्जात, कधी तारसप्तकात, कधी तानेत गुंफून म्हणतात. तुलना करायची खरी जागा हीच.
- साथ: टाळांवर माउली टाकळकर असोत की संवादिनीवर अप्पा जळगावकर, साथीदार बदलला की गाण्याची चाल तीच राहून तिचा तोल बदलतो.
- वय: भीमसेनांचा जन्म 1922चा, निधन 2011चं. सहा दशकांहून जास्त काळ ते गात होते. तरुणपणीचा जोर आणि उतारवयातला ठहराव यांत एकाला कमी ठरवणं अवघड आहे.

तुलना करताना फसगत कुठे होते?

बरीच मैफलींची रेकॉर्डिंग जुन्या कॅसेटवरून आलेली असतात. टेप किंचित जलद फिरली की लय वाढते आणि पट्टीही चढते. वेगात साधारण 6 टक्के फरक पडला तर आवाज अर्धा स्वर वर सरकतो. मग आपण म्हणतो, 'या मैफलीत पंडितजी वरच्या पट्टीत गायले!' प्रत्यक्षात ती करामत टेपची असू शकते.

माइकचंही तसंच. तो टाळांजवळ असेल तर टाळ अंगावर येतात आणि तबला मागे राहतो. त्यावरून वादकाला नावं ठेवणं बरोबर नाही.

मग सगळ्यात चांगलं गायन कोणतं?

याचं एक उत्तर नाही. नेटका अभंग हवा असेल तर रेकॉर्ड ऐका. अभंग वाढत कसा जातो ते बघायचं असेल तर मैफल ऐका. कीर्तनात टाळकऱ्यांनी साथ उचलली की गाणाऱ्याला जोर चढतो, तसंच मैफलीत समोरच्या दादेनंही होतं. ती दाद रेकॉर्डच्या स्टुडिओत नसते.

अडचण वेगळीच आहे. अनेक रेकॉर्डिंगवर गाव, साल, साथीदार, संगीतकार यांपैकी काहीच लिहिलेलं नसतं. त्यामुळे कोणतं गायन आधीचं, कोणतं नंतरचं, हे कळत नाही आणि तुलना अंदाजावर चालते.

तुमच्या घरी कपाटात अशा कॅसेट असतील तर बुरशी लागण्याआधी त्या उतरवून घ्या. मैफल कुठे झाली, कधी झाली, साथीला कोण होतं, हे घरातल्या जुन्या माणसांना विचारा आणि फाईलच्या नावातच लिहून ठेवा. ही माहिती बऱ्याचदा फक्त त्यांच्याच लक्षात असते.