कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये फॅन कोणते घ्यावेत आणि कुठे बसवावेत?

डेस्कटॉप कॉम्प्युटरमधले प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जेवढी वीज घेतात, तेवढी जवळपास सगळी उष्णतेत बदलते. ही उष्णता कॅबिनेटबाहेर गेली नाही, तर प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो. अनेक प्रोसेसरमध्ये ही वेळ ९० ते १०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान येते. म्हणजे महागडा प्रोसेसर घेऊनही त्याचा पूर्ण वेग मिळत नाही. अशा वेळी बरेच जण आणखी फॅन विकत घेतात. पण फॅन किती आहेत यापेक्षा हवेला आत यायला आणि बाहेर जायला मोकळी वाट आहे का, हे जास्त महत्त्वाचे असते.

फॅन नेमके काय करतो?

फॅन हवा थंड करत नाही, फक्त हलवतो. त्यामुळे आतले तापमान खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही. विदर्भात मे महिन्यात खोलीच ३८ अंशांवर असेल, तर हिशेब तिथून सुरू होतो.

समजा, कॉम्प्युटर ३०० वॅट उष्णता बाहेर टाकतो आणि कॅबिनेटमधून ताशी १०० घनमीटर (सुमारे ६० सीएफएम) हवा जाते. अशा वेळी बाहेर पडणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा साधारण ९ अंशांनी गरम असते. हवा निम्मी झाली, तर हा फरक १८ अंशांवर जातो. हवा दुप्पट केली, तरी फायदा फक्त साडेचार अंशांचा होतो. म्हणूनच पहिल्या दोन-तीन फॅनने मोठा फरक पडतो आणि पुढच्या प्रत्येक फॅनने कमी कमी.

निवडताना काय पाहावे?

* आकार: सध्या १२० आणि १४० मिलिमीटरचे फॅन जास्त चालतात. मोठा फॅन तेवढीच हवा कमी वेगाने फिरून देतो, म्हणून आवाज कमी होतो. घेण्यापूर्वी कॅबिनेटमधली स्क्रूच्या छिद्रांची जागा तपासा. १२० मिमी फॅनच्या दोन छिद्रांमध्ये १०५ मिमी अंतर असते.
* हवा आणि दाब: खोक्यावरचा सीएफएमचा आकडा समोर काहीही अडथळा नसतानाचा असतो. पुढे जाळी, फिल्टर किंवा रेडिएटर असेल, तर जास्त स्टॅटिक प्रेशरचा फॅन घ्यावा. मागच्या मोकळ्या जागी साधा फॅन पुरतो.
* पिन: तीन पिनच्या फॅनचा वेग व्होल्टेज कमी-जास्त करून बदलतो. चार पिनच्या फॅनला वेगासाठी स्वतंत्र पीडब्ल्यूएम संकेत मिळतो, त्यामुळे तो अगदी कमी वेगातही नीट फिरतो.
* करंट: बहुतेक मदरबोर्डवर एका फॅन हेडरची मर्यादा १ अँपिअर असते. स्प्लिटर लावून एकाच हेडरवर अनेक फॅन जोडताना त्यांच्या लेबलवरच्या अँपिअरची बेरीज करा.

रंगीत दिवे दिसायला छान असतात, पण त्यांनी हवा वाढत नाही.

कुठे बसवावेत?

नेहमीच्या टॉवर कॅबिनेटमध्ये समोरून हवा आत आणि मागून बाहेर, अशी सरळ वाट ठेवावी. समोर दोन फॅन आत हवा ओढणारे आणि मागे वरच्या बाजूला एक बाहेर टाकणारा, एवढ्यावर बहुतेकांचे काम भागते.

छतावर फॅन लावायचा असेल, तर तो मागच्या अर्ध्या भागात लावून हवा बाहेर टाकावी. छताच्या पुढच्या टोकाला लावलेला फॅन समोरून आलेली ताजी हवा प्रोसेसरपर्यंत पोहोचण्याआधीच बाहेर काढतो. गरम हवा आपोआप वर जाते हे खरे, पण फॅनच्या जोरापुढे तो परिणाम किरकोळ असतो. त्यामुळे छतावर फॅन हवाच असे नाही.

आत येणारी हवा बाहेर टाकल्या जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त असावी. मग हवा फिल्टरमधूनच आत येते आणि जादा हवा फटींतून बाहेर पडते. उलट झाले, तर प्रत्येक फटीतून धूळ आत ओढली जाते.

फॅनची दिशा कशी ओळखावी?

बहुतेक फॅनमध्ये हवा उघड्या पात्यांच्या बाजूने आत येते आणि मोटार धरणाऱ्या पट्ट्यांच्या बाजूने बाहेर जाते. काही फॅनच्या कडेवर बाणही असतो. शंका असल्यास बाहेरच्या बाजूने जाळीजवळ पातळ कागद धरा. कागद जाळीला चिकटला, तर फॅन हवा आत घेतो आहे.

नवा फॅन घेण्यापूर्वी ही चाचणी करा

जड काम सुरू ठेवून तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमधला आकडा लिहून घ्या. मग कॉम्प्युटर बंद करून बाजूचे झाकण काढा आणि तेच काम तेवढाच वेळ पुन्हा चालवा. आत हात घालू नका. तापमान बरेच उतरले, तर कॅबिनेटमधून पुरेशी हवा जात नाही. फारसे उतरले नाही, तर कॅबिनेटचे फॅन वाढवून उपयोग नाही. प्रोसेसरचा कूलर नीट बसला आहे का, त्याखालची थर्मल पेस्ट वाळली आहे का, ते पाहा.

हवा अडत असेल, तर आधी बिनखर्चाचे उपाय करा. कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात किंवा भिंतीला टेकून ठेवू नका, मागे निदान १०-१५ सेंटिमीटर जागा सोडा. समोर सलग काच असलेल्या कॅबिनेटमध्ये कडेच्या फटी मोकळ्या आहेत का, ते बघा. फिल्टर महिन्या-दोन महिन्यांनी साफ करा. ब्लोअरने धूळ उडवताना कॉम्प्युटर बंद ठेवा आणि फॅनचे पाते बोटाने धरा, नाहीतर ते प्रमाणाबाहेर वेगाने फिरून बेअरिंग खराब होऊ शकते. एवढे करूनही आकडा उतरला नाही, तरच नवा फॅन घ्या.